संकीर्ण

फाईल फार जाड झाली तेव्हा तिचे दोन भाग केले,
दोन्हींवर एकच नाव: स्पर्धा, संकीर्ण खर्च.
जे कुठल्याच शीर्षात बसत नाही
ते संकीर्णमध्ये टाकायचं,
हे कुंभारे साहेबांनी शिकवलं, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.
साहेब निवृत्त झाले. शीर्ष फुगत गेलं.

अकरा दिवसांचे खेळ.
त्यांना आता हा चौथा उन्हाळा.

हिरवं कापड, साडेसात हजार मीटर:
विमानतळापासून मैदानापर्यंत
पाहुण्यांना जे दिसू नये त्याच्यापुढे ताणलेलं.
बांबू वेगळे. बांबू ठोकणारे वेगळे.
कापडामागे काय होतं हे बिलात नाही,
पण मी त्याच रस्त्याने ऑफिसला यायचो,
तिथे पुंडलिक हेडाऊचा तर्री-पोह्याचा ठेला होता.
पंधरा दिवस भाऊ, त्याला सांगितलं, फक्त पंधरा दिवस.
मग पेव्हर ब्लॉक आले, मग लोखंडी कठडा,
अन् कठड्यामागे ठेल्याएवढी जागा
जिच्यात आता कोणीच उभं राहत नाही.
हेडाऊचं नुकसान कोणत्या शीर्षात घेऊ?
त्याने बिलच दिलं नाही.

तलावाचं मात्र सगळं रीतसर आहे.
निविदा, फेरनिविदा,
उद्घाटनाची कात्री, चांदीचा मुलामा, एक नग.
पेंचचं पाणी त्यात अकरा दिवस निळं दिसलं.
पुढे नवतपा लागला, झोनमध्ये टँकर दिवसाआड झाला,
तेव्हा तलाव उपसला तो उपसलाच.
आता पोट्टे त्यात टेनिस बॉलने खेळतात.
पाच मीटर खोल खड्ड्यात चौकार नसतो:
टाइलला लागला की दोन रन,
काठाबाहेर गेला की आउट,
आणि ज्याने मारला त्यानेच शिडी चढायची.
चौकीदार गजभे ओरडत नाही. कधी कधी अंपायर होतो.
तीन पाळ्या, तीन चौकीदार,
दर पाच तारखेला मी त्यांचा पगार काढतो,
खोलीची राखण केल्याबद्दल.

कर्जाचे हप्ते अजून सतरा वर्षं.
माझी निवृत्ती नऊ वर्षांवर.
माझ्यानंतर या खुर्चीत जो बसेल
तो आज आठवीत असेल कुठेतरी, कळमन्याला नाहीतर हुडकेश्वरला.
खेळांच्या वेळी चौथीत होता;
अकरा दिवस सुट्टी मिळाली म्हणून नाचला असेल.
वर्गांमध्ये बंदोबस्ताच्या पोलिसांच्या गाद्या होत्या.

खोटं कशाला बोलू,
समारोपाच्या रात्री मीही गच्चीवर होतो.
आतषबाजी, नऊ मिनिटं.
अख्खी गल्ली वर, नंदनवारांची म्हातारी खुर्चीसकट उचलून आणलेली,
आणि कितीतरी वर्षांनी विमलने माझा हात धरलेला.
कोणीतरी ओरडलं, "अरे बाप्पा, हे आपलं नागपूर!"
त्या 'आपलं'चा मिनिटाला काय दर पडला
ते मी दुसऱ्या दिवशी काढून पाहिलं.
मग खोडलं.

लेखापरीक्षणाचा आक्षेप क्रमांक एकोणीस:
शोभेच्या कुंड्या, भाड्याने, बेचाळीसशे.
परत केल्या तीन हजार त्रेसष्ट.
अकराशे सदतीस कुंड्यांचा खुलासा करावा.

खुलासा केलाय: वादळी वाऱ्याने नुकसान.
पण शहरात हिंडताना दिसतात त्या मला,
पानठेल्यावर, विहाराच्या पायरीवर,
झोनच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीखाली,
हेडाऊच्या दारात तर दोन,
खेळांचा निळा शिक्का उन्हाने उडत चाललेला.
कुणी तुळस लावली, कुणी कोरफड,
कुणी नुसत्याच विड्या विझवतं.

एक आमच्या गॅलरीत आहे.
विमलने त्यात मिरच्या लावल्या;
कूलरचं ठिबकणारं पाणी मिळतं, यंदा चांगल्या धरल्यात.

अकराशे छत्तीस, असं लिहून पाहिलं एकदा.
बेरीज जुळेना.